रेडिओचं लायसन

आमच्या घरातल्या लोखंडी ट्रंकेत, अगदी तळाला, जमिनीच्या उताऱ्यांखाली एक लहानसं बुक आहे. वर पुठ्ठा, आत आठ-दहा पानं. पहिल्या पानावर आजोबांचं नाव, गाव, तालुका आणि एका यंत्राचा नंबर. पुढच्या पानांवर तिकिटं चिकटवलेली आणि त्यांच्यावर तालुक्याच्या पोस्टाचा गोल काळा शिक्का. माझ्या पोराला वाटलं, हे बँकेचं पासबुक. त्याला सांगितलं, बाबा, हे रेडिओचं लायसन. तर तो हसायलाच लागला. बंदुकीचं लायसन असतं, गाडीचं असतं, रेडिओचं कशाला?

त्याचंही चूक नाही. पण घरात रेडिओ ठेवायचा तर सरकारची परवानगी लागायची आणि दर वर्षी पोस्टात पैसे भरावे लागायचे, हे या देशात जवळजवळ साठ वर्षं चाललं. त्या साठ वर्षांतलं एक वर्ष आमच्या घरावर आलं, ते सांगायचं आहे. आधी हे लायसन मुळात आलं कुठून, ते सांगतो. मलाही ते फार उशिरा कळलं.

२३ जुलै १९२७ ला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं रेडिओ केंद्र सुरू झालं. उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन आले होते. कंपनी खासगी होती, पण परवाना सरकारचा. ऐकणाऱ्यानं वर्षाला दहा रुपये पोस्टात भरायचे, त्यातले आठ कंपनीला मिळायचे, असा हिशोब. सुरुवातीला देशभरात हजारसुद्धा लायसनं नव्हती, आणि तीन वर्षांनी ती आठ हजारांच्या आतच होती. लोक ऐकत नव्हते असं नाही. चोरून ऐकत होते. १९३० साली कंपनी बुडाली. सरकारनं ती केंद्रं ताब्यात घेतली, १९३२ मध्ये सेटवरची आयात जकात पंचवीस टक्क्यांवरून पन्नास टक्के केली, आणि तेव्हा एक अडचण पुढं आली. तारखात्याचा कायदा १८८५ चा. त्यात एखाद्यानं विनापरवाना यंत्र चालवलं हे सिद्ध करावं लागे. आता घरात बसून माणूस गाणं ऐकतोय हे शिपायानं सिद्ध कसं करायचं? तो दारात येईपर्यंत कान पिळून रेडिओ बंद करता येतो. म्हणून १९३३ साली बिनतारी तारयंत्रांचा वेगळा कायदा केला. त्यानं सगळं सोपं झालं. यंत्र चालू असो नसो, ते विनापरवाना जवळ असणं हाच गुन्हा. पहिल्यांदा सापडला तर शंभर रुपयांपर्यंत दंड, पुन्हा सापडला तर अडीचशेपर्यंत.

इंग्रजाला यात पैशाचं होतं तसं भीतीचंही होतं. १९३९ ला युद्ध लागल्याबरोबर हौशी बिनतारीवाल्यांची लायसनं त्यानं रद्द केली. तरी १९४२ च्या ऑगस्टात मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी काँग्रेस रेडिओ चालवलाच. जागा बदलत बदलत अडीच-तीन महिने. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी पकडलं. उषाबाईंना चार वर्षं सक्तमजुरी झाली, त्या येरवड्याला होत्या. आमच्या साताऱ्याकडं तेव्हा पत्रीसरकार होतं, माणसं रानात लपलेली, पण रेडिओ ही चीज आमच्या भागात फार कुणी बघितलेलीच नव्हती.

मग स्वराज्य आलं. इंग्रज गेला, कायदा राहिला. अगदी जसाच्या तसा. दहाचे पंधरा रुपये झाले एवढंच.

आमचं गाव माणदेशातलं. पाऊस नावाला. रेडिओ गावात पहिल्यांदा आला तो चावडीत, सरकारी. लाकडी पेटी, पेटीला कुलूप, किल्ली पाटलाकडं. त्यावर एकच केंद्र लागायचं. पुणे केंद्र १९५३ च्या गांधी जयंतीला सुरू झालेलं. १९५६ साली या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला, त्याची आठवण वडील सांगायचे. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा, कोल्हापूर अशा पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली, गावोगाव ऐकणाऱ्यांचं मंडळ केलं, आठवड्यातून दोनदा अर्धा तास शेतीचा कार्यक्रम. ऐकून झाल्यावर मंडळानं चर्चा करायची आणि शंका पुण्याला कळवायच्या, रेडिओ उत्तर द्यायचा. आमचं गाव त्यात नव्हतं. शेजारचं होतं, म्हणून आमची माणसं तिथं चालत जायची. सरकार आपलं ऐकतं, हे वडिलांच्या पिढीला पहिल्यांदा तिथं दिसलं. मी त्याला थोर प्रयोग मानतो. पुढं त्यावरूनच देशभर शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं निघाली आणि हळूहळू मंदावली, आमच्या चावडीतल्या पेटीसारखी. तिची बॅटरी संपली ती संपलीच. नंतर त्या पेटीवर कोंबडी अंडी घालायची.

घरचा रेडिओ आला तो १९६८ ला. माझे चुलते, नाना, मराठा पलटणीत. सुट्टीवर येताना कँटीनमधून तीन बँडचा ट्रान्झिस्टर घेऊन आले. आबांनी, म्हणजे आजोबांनी, दुसऱ्याच दिवशी तालुक्याला जाऊन लायसन काढलं. आबा कायद्याला भिणारा माणूस. बुक घेऊन आले ते देवळीत ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. रेडिओला नाही, बुकाला. आजीला ते दोन्ही सारखेच. तिच्या हिशोबी बुकाशिवाय रेडिवो बोलतच नाही. शेतमजुराला दीड-दोन रुपये रोज मिळायचा, त्या काळात पंधरा रुपये म्हणजे आठ दिवसांची मजुरी. ती दर वर्षी जानेवारीत आबा भरून यायचे.

आणि ऐकायचो काय? तर सिलोन. हे सगळ्यात गमतीचं. स्वातंत्र्यानंतर नभोवाणीमंत्री झाले बाळकृष्ण केसकर, आपलेच पुण्याचे, १९५२ पासून दहा वर्षं. त्यांना सिनेमाची गाणी नकोत, लोकांना शास्त्रीय संगीताची गोडी लागली पाहिजे. हेतू चांगला असेल. पण आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी आटली आणि सगळा देश रेडिओ सिलोनकडं वळला. बुधवारी रात्री बिनाका गीतमाला, अमीन सयानी. शेवटी १९५७ ला सरकारलाच विविध भारती काढावी लागली. आमच्या गावात मात्र आम्ही पैसे भरायचो दिल्लीला आणि कान द्यायचो कोलंबोला. खरखर फार यायची म्हणून मी छपरावर दोन वेळूच्या काठ्या रोवून मधी तांब्याची तार ताणली होती आणि ती खाली आणून रेडिओच्या काठीला गुंडाळली होती. बारा वर्षांचा होतो. त्या तारेचा मला फार अभिमान.

आबा गेले मार्गशीर्षात, १९७० सरता सरता. जानेवारीत वडील, अण्णा, बुक घेऊन तालुक्याच्या पोस्टात गेले. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "हे तुम्हीच का?" अण्णांनी खरं सांगितलं, "न्हाई जी, वडील. वारले." झालं. मेलेल्या माणसाचं लायसन पुढं चालत नाही. मृत्यूचा दाखला आणा, वारसांचा अर्ज आणा, मग नवीन बुक. गप बसून पंधरा रुपये सरकवले असते तर शिक्का मिळाला असता, असं पुढं सगळ्या गावानं अण्णांना ऐकवलं. दाखल्यासाठी अण्णा दोनदा गेले. एकदा ज्याच्याकडं दाखला तो माणूस नव्हता, एकदा वही नव्हती. तोवर पेरणी आली, ती वाया गेली, दुबार आली, तीही गेली. त्या सालापासून दुष्काळानं आमचा पिच्छाच घेतला होता. बुक देवळीतच राहिलं.

कार्तिकात, बाजाराच्या दिवशी, लायसन तपासणारे साहेब आले. हे लोक वरून आभाळाकडं बघत गावात शिरायचे. कुणाच्या छपरावर तार दिसते ते हेरायचे. गावात चार-पाचच रेडिओ, त्यांनी बातमी कळताच आपापली सोय केली. एकानं कणगीत घातला, एकानं वैरणीत. अण्णांनीही आमचा आजीच्या गोधडीत गुंडाळून उतरंडीमागं ठेवला आणि ओट्यावर येऊन बसले. छपरावरची तार काढायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

साहेब चांगले वागले. पाणी प्यायले. "रेडिओ आहे का?" अण्णा म्हणाले, "व्हता जी. बिघडला. टाकला." अण्णा आयुष्यात फार थोडं खोटं बोलले, आणि ते त्यांना यायचंही नाही. साहेबांनी वर तारेकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाले, "बाळ, तार कुणी लावली रे? झकास लावलीस. काय काय लागतं?"

मी म्हणालो, "सिलोन! आन कालच्याला तर ढाक्याचंबी लागलं."

अण्णांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते उठले आणि आत गेले आणि गोधडीसकट रेडिओ आणून साहेबांपुढं ठेवला. आजीनं बुक आणून दाखवलं. साहेबांनी तिकिटं बघितली, वरचं नाव बघितलं, म्हणाले, "आजी, हे मागच्या सालापर्यंतचं आहे. आणि हा इसम हयात नाही." चारचौघांसमोर पंचनामा झाला. पावती दिली. रेडिओ सायकलच्या कॅरिअरला बांधून नेला. आजी बांधापर्यंत मागं गेली. ती काय म्हणाली ते सगळ्या गावाच्या तोंडी राहिलं, "सायब, माझा ल्योक सरकारनं न्हेला बंदूक उचलाय, त्येनं रेडिवो धाडला, त्योबी सरकारच न्हेतंय. मला काय ठेवताय?"

साहेबांना उत्तर नव्हतं. त्यांच्या नेमणुकीत उत्तर देणं बसतही नव्हतं.

पुढं बारा-पंधरा दिवसांत, ३ डिसेंबरला, लढाई लागली.

नाना कुठं आहेत ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या पत्रावर गावाचं नाव नसायचं. नुसतं ५६ ए.पी.ओ. पूर्वेला का पश्चिमेला, बंगालात का पंजाबात, काही कळायला मार्ग नाही. पेपर गावात यायचा दोन दिवसांनी, तोही सोसायटीत. लढाईची बातमी द्यायचा अधिकार एका आकाशवाणीला, आणि आकाशवाणी ऐकायचं यंत्र तालुक्याला कुठल्यातरी खोलीत नंबर घालून पडलेलं. अण्णा एकदा जाऊन विनवणीही करून आले. आता ते कोर्टाचं काम, तारीख पडेल तेव्हा या, असं सांगितलं. तारखेशिवाय मुद्देमाल हलत नाही.

समोरच्या आळीला गुरुजी राहायचे. त्यांच्याकडं लायसनचा रेडिओ होता, बुक चालू. गुरुजी कधी कुणाच्या ओट्यावर फार बसत नसत. पण ४ तारखेच्या संध्याकाळी ते रेडिओ गळ्यात अडकवून आले आणि आमच्या ओट्यावर मांडून बसले. त्या दिवसापासून रोज. दिल्लीचे देवकीनंदन पांडे हिंदीतनं बातम्या द्यायचे, त्या आधी, मग पुण्याच्या मराठी. ओट्यावर, अंगणात, रस्त्यावर माणसंच माणसं. आजी रेडिओच्या अगदी पुढ्यात बसायची, कान त्याच्या जाळीला लावून. तिची समजूत अशी की पलटणीतली जी माणसं पडली त्यांची नावं रेडिवो घेतो. बातम्या संपल्या की ती गुरुजींना विचारायची, "धाकट्याचं नाव घेतलं का वो?"

पहिल्या दिवशी गुरुजी गोंधळले. मग म्हणाले, "न्हाई घेतलं आजी. म्हंजे बरा हाय."

तेरा दिवस हाच सवाल, हाच जबाब. रेडिओ अशी नावं घेत नाही हे आजीला कुणी सांगितलं नाही. गुरुजी वर्गात खोटं बोलणाऱ्याच्या तळहातावर छडी मारायचे. एकदा रात्री केंद्र शोधताना रेडिओ पाकिस्तान लागला. त्यांनी भारताची किती विमानं पाडली ते सांगत होते, आणि आपल्या आकड्यात आणि त्यांच्या आकड्यात मेळच नव्हता. गुरुजींनी झटकन काटा फिरवला. पण ओट्यावर जरा वेळ कुणी बोललं नाही. दोन्हीकडं बोलणारं सरकारच, ऐकणाऱ्यानं ताळा कशाशी करायचा? मला आजही वाटतं, त्या रात्री गुरुजींनी काटा आजीसाठी फिरवला, देशासाठी नाही.

मी त्या ओट्यावर कधी बसलो नाही. गोठ्यात बसून ऐकायचो. काठ्या रोवलेल्या होत्याच, पण तार अण्णांनी काढून टाकली होती. मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

१६ डिसेंबरला ढाका पडलं. गावानं गुलाल उधळला. आजीनं त्याही दिवशी तेच विचारलं. नानांचं पत्र आलं ते जानेवारीत, संक्रांतीनंतर. चार ओळी. खुशाल आहे, पायाला थोडं लागलं होतं, आता बरं आहे, आईला सांगा, रेडिओ ऐकत जा.

एप्रिलात नाना सुट्टीवर आले. तोवर तारीख पडलेली. नाना अण्णांना म्हणाले, मी येतो. अंगावर वर्दी, छातीवर पट्टी, पाय किंचित ओढत. कोर्टात गुन्हा कबूल केला अण्णांनीच. दंड वीस रुपये, मागची बाकी वेगळी. ते पैसे नानांनी दिले. नव्या बुकावर नाव नानांचं पडलं. त्या दुष्काळात घरात दाणा नव्हता, अण्णा खडी फोडायला जात होते. लढाईहून आलेल्या माणसानं पहिली रक्कम कशाला दिली असेल तर ती या दंडाला.

रेडिओ मिळाला. घरी आणून नानांनी मागचं झाकण उघडलं. पाच महिने सेल आत तसेच राहिलेले, पाझरून पांढरी-हिरवी बुरशी सगळ्या तारांवर चढलेली. जप्त करताना सेल काढून ठेवा असं कुठल्या कलमात नसावं. बाजारच्या कारागिरानं घासूनपुसून चालू केला, पण त्याचा आवाज गेला तो गेला. नाकातून बोलल्यासारखा यायचा. सिलोन तर पुन्हा कधी लागलंच नाही. तार मी परत लावली नाही.

त्याच रेडिओवर २६ जून १९७५ च्या सकाळी आणीबाणीची घोषणा ऐकली. पुढच्या वर्षी किशोरकुमारची गाणी एकाएकी बंद झाली, सरकारच्या कार्यक्रमाला गायला त्यानं नकार दिला म्हणून. आम्हाला वाटलं, रेडिओच बिघडलाय. इतकी त्याला नाव ठेवायची सवय लागली होती.

सत्तरच्या सालांत देशात लायसनवाले रेडिओ एक कोटीच्या वर गेले होते. ट्रान्झिस्टर गुराख्याच्याही खांद्यावर आला. प्रत्येकाच्या पंधरा रुपयांसाठी बुकं, तिकिटं, खिडक्या, साहेब, पंचनामे. आधी लहान सेटांना माफी दिली आणि १९८४-८५ च्या सुमाराला रेडिओ-टीव्हीचं घरगुती लायसन साफ काढून टाकलं. मात्र १८८५ चा आणि १९३३ चा कायदा तसाच होता. हवेतल्या लहरी सरकारच्या नसून जनतेच्या आहेत, हे सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं १९९५ च्या फेब्रुवारीत, तेही क्रिकेटच्या सामन्याच्या भांडणातून. तो निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. नंतर खासगी एफएम आले, आमच्या म्हसवडला बायकांनी चालवलेलं रेडिओ केंद्र आलं. माणदेशी बोलीत बाया त्यावर बोलतात, ऐकून बरं वाटतं. स्वतःच्या बातम्या द्यायला मात्र अशा केंद्रांना आजही मुभा नाही. १९३३ च्या कायद्याची जागा घेणारा नवा दूरसंचार कायदा संसदेनं केला तो २०२३ साली.

लायसन गेल्याचं मी आजीला सांगितलं तेव्हा मी नोकरीला लागलो होतो. म्हणालो, "आजी, आता रेडिओला बुक लागत न्हाई. सरकारनं काढून टाकलं."

"कुनी सांगितलं?"

"रेडिओवर सांगितलं."

तिनं जरा विचार केला. देवळीतली दोन्ही बुकं, आबांचं आणि नानांचं, तिनं काढली, फडक्यात बांधली आणि ट्रंकेत तळाला ठेवली. नानांचं पुढं कुठं गहाळ झालं, ठाऊक नाही. आबांचं राहिलं. ती १९९१ ला गेली. तोवर दिवाळीला ट्रंक साफ करताना कुणी त्या बुकाला हात लावला की ओरडायची, "ठिव त्ये हितंच. सायब आला म्हंजे?"